घर दाखवताना



घर विकायचं ठरलं, रविवारी लोक बघायला येणार. तोपर्यंत घरात काय काय करायचं, एवढंच आज बोलू.

मी भिलाईची. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसं आली, विदर्भातून आपलीही आली. निवृत्तीनंतर अनेकांनी इथंच घरं बांधली. आता मुलं पुण्याला, बंगळुरूला. त्यामुळे नेहरूनगर, स्मृतिनगर, रिसाली अशा भागांतली घरं विक्रीला निघतात. रिसालीतलं आमचंही निघालं.

इथला गिऱ्हाईक चप्पल काढायच्या आधी विचारतो, "लीज है या फ्रीहोल्ड?" सेक्टरमधली घरं कंपनीची, त्यातली काही कर्मचाऱ्यांना लीजवर दिलेली, म्हणून हा प्रश्न. तेव्हा झाडू हातात घेण्याआधी फाइल काढा. रजिस्ट्री, जमिनीच्या डायव्हर्शनचा कागद, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल. घर वारशाने आलं असेल तर नामांतरण झालंय का, तेही बघा. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स दाखवा.

मग सफाई. दिवाळीसारखी नव्हे हं! दिवाळीत आपण डबे पुसतो आणि परत तिथंच ठेवतो. इथं सामान कमी करायचं. येणारा माणूस आपला दिवाण कुठं मावेल, हे नजरेनं मोजत असतो. गाद्यांची चळत आणि रद्दी दिसली की त्याला खोली लहान वाटते. आमच्याकडे खिडकीत बारा महिने कूलर असतो. उन्हाळा नसेल तर तो उतरवा, खोलीत एकदम उजेड येतो. बैठकीतल्या फळीवरची औषधं आत ठेवा. देवघर मात्र राहू द्या. रिकामं देवघर बघून लोक नको ते प्रश्न विचारतात. दागिने, पासबुकं कुलपात.

नळ गळत असेल तर वायसर बदला, गेलेले बल्ब बदला. खर्च किरकोळ, पण गळका नळ बघून माणूस मनात म्हणतो, यांनी बाकीचंही असंच ठेवलं असेल.

आता ओल. पावसाळ्यानंतर भिंतीवर पोपडे येतात आणि सगळे सल्ला देतात, "पुट्टी मारा, रंग फिरवा." माझं मत उलट आहे. आधी गच्ची दुरुस्त करा, मग रंग. दुरुस्ती परवडत नसेल तर ओल दाखवा आणि भावात धरा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, नेहमीच्या काळजीनं बघूनही खरेदीदाराला कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगायला हवा. आम्ही मागच्या खोलीतली ओल सांगितली. दोघं परत आले नाहीत. तिसरा गवंडी घेऊन आला, त्यानं खर्च काढला आणि तेवढे पैसे कमी करून मागितले.

सगळ्यात अवघड काम वेगळंच असतं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांचं काय? बघायला आलेला एकजण बाबांसमोरच म्हणाला, "ये किचन तो पूरा तुड़वा देंगे." पैसे देणारा तो, त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. पण तो ओटा आईच्या उंचीचा बांधलेला होता. बाबा काही बोलले नाहीत, त्या रात्री नीट जेवले नाहीत. भाऊ फोनवर म्हणाला, बघायला कोणी आलं की त्यांना शेजारी पाठव. मला ते पटेना. घर बाबांचं, आणि त्यांनाच बाहेर काढायचं? मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या फेरीला मी नको. दुसऱ्यांदा येईल त्याच्याशी मी बोलतो."

तसंच केलं. कारण ज्याला खरंच घ्यायचंय तो दुसऱ्यांदा येतोच. गवंडी घेऊन आलेला परत आला तेव्हा बाबांनी त्याला गच्चीवर नेलं, टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या नळाचा ते दाखवलं, आणि आंब्याच्या पानांनी पन्हळ तुंबते, ती जूनच्या आत साफ करायची, असं बजावलं. किचनचं त्यांनीच विचारलं. तो म्हणाला, "अभी तो रहने देंगे, अंकल." मग व्यवहाराचं बोलायला आम्ही खाली आलो.