इंजिन उतरवण्याआधी: जुन्या पिकअपचा बग कसा शोधला

आजचा भाग थोडा काळ्या हातांचा आहे. मी दिवसभर कोड लिहितो, पण आज कोडवर बोलणार नाही. आज बोलायचंय एका जुन्या डिझेल पिकअपबद्दल. घरी अशी गाडी असेल, कुणा नातेवाइकाचं पोट तिच्यावर चालत असेल, तर हा भाग शेवटपर्यंत ऐका. 85 हजारांचा प्रश्न आहे.

माझे मामा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. त्यांची पिकअप 2009 सालची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांची कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर भरायचा, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड, कल्याण करत वाशीच्या एपीएमसीत यायचं, हे त्यांचं काम. भाजीपाला मार्केटचा खरा धंदा तुम्ही-आम्ही उठायच्या आत होऊन जातो. कोथिंबीर दोन तास उशिरा पोचली की भाव पडतो आणि तो तोटा ज्याची कोथिंबीर आहे त्याला बसतो. असं दोनदा झालं की तो शेतकरी तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या गाडीत माल टाकतो.

गेल्या आषाढात ही गाडी घाटात ‘पडायला’ लागली. एक्सलेटर पूर्ण दाबलाय, पण इंजिन ओढत नाही. आचके देतं, मिसिंग करतं. एकदा तर धुक्यात, वळणावर, मागे एसटी असताना बंदच पडली. मग सुरू झाली गॅरेजची वारी. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, नोझल साफ केले, पंप उतरवून सेट करून आणला. 14 हजार गेले, मिसिंग तिथंच. शेवटी एका ठिकाणी सांगितलं, “कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. रिंग, लायनर, बेअरिंग, हेडचं काम. 85 हजार धरा.”

त्या रात्री मामांचा फोन आला. “विकून टाकू का रे गाडी?”

आता माझा पहिला मूर्खपणा ऐका. मी ऑनलाइन एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला. गाडीला लावायचा, मोबाइलवर एरर कोड वाचायचा, विषय संपला, असं डोक्यात. मामा शनिवारी माल उतरवून तुर्भ्याला एका ओळखीच्या गॅरेजवर थांबले, मी स्कॅनर घेऊन गेलो आणि डॅशबोर्डखाली पोर्ट शोधत बसलो. मिस्त्री हसायला लागले. “दादा, हिला कॉम्प्युटरच नाही. सगळं मेकॅनिकल आहे.” म्हणजे लॉग नाही, एरर कोड नाही. हातात फक्त लक्षणं.

इथं थोडं बेसिक समजून घेऊ. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते, त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतो आणि डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे तीनच गोष्टी हव्यात: पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य तेवढं डिझेल. इंजिन नीट चालत नसेल तर या तिघांपैकी एक कुठेतरी चुकतंय. कॉम्प्रेशन म्हणजे दुसरी गोष्ट. 85 हजारांचं बिल त्या एकाच शक्यतेवर होतं आणि ती कुणी मोजलीच नव्हती.

मी वही काढली आणि मामांना आमच्या ऑफिसात बग रिपोर्टला विचारतो तसे प्रश्न विचारले. कधी होतं? कधी होत नाही? जाताना होतं की येताना?

“येतानाच होतं. जाताना कधीच नाही.”

मी थांबलो. जाताना गाडी भरलेली असते, येताना रिकामी. रिंग गेलेलं इंजिन भरल्या गाडीला आधी रडेल ना? रिकाम्या गाडीला कशाला?

“पण येताना घाट चढायचा असतो,” मिस्त्री म्हणाले. मुद्दा बरोबर होता. मग मी विचारलं, “मामा, येताना कधी घाट नीट चढलाय?”

“हो की. पाहुण्यांच्या लग्नाला मंडपाचं सामान घेऊन आलो होतो. भरलेली गाडी. एकदम मक्खन. त्या दिवशी कल्याणला टाकी फुल केली होती.”

“आणि एरवी?”

“एरवी गावातून निघताना टाकतो लागेल तेवढं. येताना काटा पावच्या खाली असतो. सकाळी घरी सेल्फ पण लई मारावा लागतो मग.”

मंडळी, केस इथंच अर्धी सुटली होती. मामांना हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन गॅरेज झाली, एकानंही विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. त्यांनी सगळीकडे एकच वाक्य सांगितलं: “घाटात गाडी पडते.”

तरीही आम्ही लगेच टाकीवर उडी मारली नाही. आधी फुकटातल्या तपासण्या.

पहिली, धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर चोंदलाय, नोझल धार मारतोय किंवा गाडीवर ओझं जास्त आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिथं रिंग, वाल्व्ह सील किंवा टर्बो असेल तर टर्बो, यांच्यावर संशय. पांढरा धूर म्हणजे बहुतेक डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा रेडिएटरचं पाणी आत जातंय. थंड सकाळी थोडा पांढरा धूर चालतो. आमच्या गाडीला निळा अजिबात नव्हता. मिसिंग आलं की पांढरट झुळूक यायची, एवढंच.

दुसरी, ऑइलचं झाकण. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं आणि उलटं करून तिथंच ठेवायचं. रिंग झिजल्या असतील तर आतून हवेचे फटके येतात, धूर येतो, झाकण उडतं. आमचं झाकण थोडं थरथरलं आणि बसून राहिलं. हा काही अंतिम पुरावा नाही. पक्कं उत्तर कॉम्प्रेशन गेजच देतो, प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगळा. पण 85 हजार खर्च करायच्या आधी निदान झाकण तरी उघडून बघा!

तिसरी, बग समोर घडवून आणणं. आमच्याकडे नियम आहे: जो बग परत दाखवता येत नाही, तो सुटला असं म्हणता येत नाही. काटा पावच्या खाली होताच. उभ्या गाडीत रेस धरून ठेवली. पाच मिनिटांनी इंजिन आचके द्यायला लागलं. मला आनंद झाला. मामा माझ्याकडे वेड्यासारखं बघत होते.

आता रस्ता अर्धा कापायचा. डिझेलचा प्रवास असा: टाकी, लांब पाईप, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल. फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप. मिस्त्रींनी टाकीकडून येणारा पाईप फीड पंपापाशी सोडवला आणि पाच लिटरच्या कॅनमधून थेट डिझेल दिलं. रिटर्न पाईपही त्याच कॅनमध्ये. हवा काढली, गाडी चालू, रेस धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. एक आचका नाही. तेच इंजिन, तेच नोझल, तोच पंप. म्हणजे फीड पंपापासून पुढचं सगळं निर्दोष. घोळ टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये कुठेतरी.

आणि इथं मी दुसरा मूर्खपणा केला. चेसिसखालचा रबरी पाईप जुना, भेगाळलेला दिसत होता. मी म्हटलं, हाच! बदलून टाका. बदलला. गाडी परत टाकीवर जोडली, रेस धरली आणि सहाव्या मिनिटाला आचका. तपासायच्या ऐवजी मी अंदाज केला होता. आधीच्या गॅरेजवाल्यांनीही हेच केलं होतं, फक्त माझा अंदाज स्वस्तातला होता.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हातभर पारदर्शक पाईप आणला आणि फीड पंपाच्या आधी बसवला. गाडी चालू केली आणि आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. डिझेलबरोबर बुडबुडे येत होते. म्हणजे कचरा नाही, पाणी नाही, लाइन हवा पकडत होती. मग तोच पाईप टाकीच्या तोंडाशी लावला. तिथंही बुडबुडे. म्हणजे बाहेरची सगळी लाइन सुटली. हवा टाकीच्या आतूनच येत होती.

टाकीत वरून एक लोखंडी नळी तळापर्यंत गेलेली असते, तिच्यातून डिझेल ओढलं जातं. ती बाहेर काढली. तळापासून चार बोटं वर गंज होता आणि गंजात टाचणीच्या टोकाएवढं भोक.

आता सगळं जुळलं. काटा पावच्या वर असेल तर भोक डिझेलमध्ये बुडलेलं, मग तिथून डिझेलच आत जाणार. पातळी खाली आली की भोक उघडं पडतं आणि नळी डिझेलबरोबर हवा ओढते. घाट चढताना इंजिनला डिझेल जास्त लागतं, बुडबुडेही जास्त येतात. नोझल उघडायला या जुन्या इंजिनांत साधारण 200 बार दाब लागतो, कारच्या टायरमधल्या हवेच्या साधारण ऐंशी-नव्वद पट. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून तो दाब लगेच तयार होतो. हवा मात्र स्पंजसारखी दबते. दाब बनत नाही, नोझल उघडत नाही, सिलिंडर मिस होतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लई मारावा लागतो. आणि बाहेर डिझेलचा एक थेंब गळत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही.

नळी बदलली. मजुरीसकट 1,100 रुपये. काटा पावच्या खाली ठेवूनच मामा त्या दिवशी घाट चढले आणि वर पोचल्यावर फोन केला. आवाजात पाऊस होता. म्हणाले, “चढली रे.” बस, एवढंच.

आता काही गोष्टी तुमच्यासाठी, नीट लक्षात ठेवा.

एक. ड्रायव्हरला विचारा. कधी होतं, कधी होत नाही, गाडी थंड की गरम, भरलेली की रिकामी, टाकीत किती डिझेल, त्याच्या आधी कोणतं काम झालं होतं. फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहा. मिसिंग आलं की धुराचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढा. मेकॅनिकला याच्यापेक्षा चांगली भेट नाही.

दोन. स्वस्तातून महागाकडे जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, नोझल, पंप एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तरी नेमकं काय चुकलं होतं ते कळत नाही.

तीन, आणि हे सुरक्षेचं आहे. एक सिलिंडर मिस होत असेल तर जुने मिस्त्री आयडलला एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करून बघतात. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हे काम त्यांनाच करू द्या. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि जखम छोटी दिसली तरी हात गमवायची वेळ येऊ शकते. कॉमन रेल इंजिनवर तर हा प्रकार कुणीही, कधीही करायचा नाही. तिथं दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्या गाड्यांना मात्र माझा स्कॅनर खरंच उपयोगी पडतो.

चार. इंजिन उतरवायचं म्हणाले तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागा. खरंच गेलं असेल तर आकडा दिसेल आणि मग खर्च करायला हरकत नाही. कधीकधी खरंच गेलेलं असतं.

आणि त्या गॅरेजवाल्यांवर मी फार चिडलेलो नाही. दिवसाला दहा गाड्या, पार्टचे पैसे मिळतात, अर्धा तास प्रश्न विचारायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. तुर्भ्याच्या मिस्त्रींना मी त्या दिवसाच्या तपासणीचे वेगळे पैसे विचारले, तर ते लाजले. मामांनी पुढच्या खेपेला कोथिंबिरीच्या दहा जुड्या आणून दिल्या. त्या घेतल्या.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीची अशी एखादी केस असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि त्यात टाकीत डिझेल किती होतं तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!