मासोळीचं डोकं फेकू नका
(आंबागड येथील ग्रामसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



हप्ते झाले, पासबुकं झाली. आता थोडं मासोळीवर बोलू. रोहू-कटल्यावर नाही, बोडीत, नाल्यात, बावनथडीच्या संथ पाण्यात थव्यानं फिरते ना, ती बोटाएवढी चांदीसारखी बारीक मासोळी. बाजूनं चकचकीत पट्टा, खवले अगदी बारीक. नाव गावागावात बदलतं, शास्त्रात तिला मोला म्हणतात.

पाहुणे आले की आपण मोठा मासा आणतो आणि बारीक मासोळी म्हणजे गरिबाचं खाणं समजतो. मला हे पटत नाही. बांगलादेशात यावर बरंच संशोधन झालं. १०० ग्रॅम मोल्यात २५०० मायक्रोग्रॅमहून जास्त अ जीवनसत्त्व निघालं. गरोदर बाईला दिवसाला लागतं ८००-९००. रोहू तर मोल्याच्या पासंगालाही पुरत नाही!

पण हे जीवनसत्त्व असतं कुठं? निम्म्याहून जास्त तिच्या डोळ्यांत. आणि आपण साफ करताना पहिल्यांदा काय तोडतो? डोकंच. पोट दाबून घाण काढा, चांगली धुवा, पण डोकं राहू द्या. काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं, दुधातल्यासारखंच अंगी लागणारं. उन्हात वाळवली की अ जीवनसत्त्व जवळजवळ उडून जातं, कॅल्शियम राहतं. म्हणून गरोदर सुनेला आणि लेकरांना ताजी द्या. अगदी लहानग्याला कुस्करून.

आता पैशाचं. रोहू-कटला तलावाच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. मोला शेवाळासारखं बारीक काहीबाही खाते, वर्षाच्या आतच अंड्यावर येते आणि तिथंच वाढते. बीजाचा खर्च शून्य. बांगलादेशात आधी बीज सोडण्यापूर्वी विष टाकून ही मासोळी मारायचे. नंतर रोहू-कटल्यासोबतच पाळू लागले.

पहिल्या पावसात नाल्याच्या, बांधीच्या तोंडाशी मच्छरदाणी लावून पोटभर अंड्यांची मासोळी काढली, तर पुढं बोडीत येणार कुठून? निदान ते पहिले काही दिवस सोडा.

ज्या गटांकडे बोडीचा ठेका आहे, त्यांनी यंदा बीज सोडण्याआधी पाण्यात काय टाकतात ते विचारून या. पुढच्या सभेत पहिला विषय तोच घेऊ.