हिरवा ठिपका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "फ्रान्सच्या प्रवासावर दहा मिनिटं बोल." आता खरं सांगायचं तर आयफेल टॉवर तुम्ही जसा फोटोत पाहिलाय तसाच मीही फोटोतच पाहिलाय. आम्ही दोघं गेलो होतो जिनिव्हाला, मुलाकडे. त्याला रजा नव्हती, म्हणून त्याने आम्हाला बसमध्ये बसवून चाळीसेक किलोमीटरवरच्या आन्सी नावाच्या फ्रेंच गावी पाच दिवसांसाठी धाडलं. तिथे आम्ही बाहेर काय जेवलो, एवढंच मी सांगणार आहे. त्यातला मुख्य भाग आमच्या यांचा आहे. ते दुसऱ्या रांगेत बसलेत. परवानगी काल रात्रीच घेतली आहे.

आन्सी सुमारे साडेचौदा किलोमीटर लांबीच्या तलावाच्या टोकाला वसलंय. भोवती डोंगर, तलावातून निघालेली त्यू नावाची छोटी नदी जुन्या गावातून वाहते, आणि तिच्या दोन्ही काठांवर खुर्च्या-टेबलं मांडलेली. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. पण १९५०च्या दशकात हाच तलाव सांडपाण्याने आजारी पडला होता. पॉल सेर्व्हेताझ नावाच्या एका डॉक्टरांनी, जे स्वतः तलावात बुडी मारून बघायचे, आवाज उठवला. १९५७ मध्ये काठावरची गावं एकत्र आली आणि पुढे सांडपाणी तलावाबाहेर नेणारी वाहिनी घातली गेली. मी तिथे फेरा नावाचा तलावातला मासा खाल्ला, तो त्या लोकांच्या कृपेने. कोकणातल्या बाईने मासा पसंत केला म्हणजे बघा. फारसं काही न करता लोण्यावर परतलेला, वर लिंबू.

आता हे. यांनी बारा वर्षांपूर्वी माळ घातली. मांस, मासे, अंडं, दारू, काही नाही. मी मासे सोडलेले नाहीत. घरात शिजवत नाही, बाहेर खाते. त्यामुळे आमच्या दोघांत हॉटेलचा कागद वाचायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बोटीतून फिरून अडीच वाजता परतलो, तर ज्या दारात जावं तिथे स्वयंपाकघर बंद. दुपारी बारा ते दोन आणि मग संध्याकाळी सात वाजल्यापासून, मधल्या वेळात जेवण नाही. एका ठिकाणी तर वेटरने मान वर न करताच नकार दिला. मला फार राग आला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू आत शिरताना 'बोंझूर' म्हणालीस का?" नव्हते म्हणाले. मी थेट "मेन्यू, मेन्यू" म्हणत आत शिरले होते. तिकडे मेन्यू म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण ताट, आणि आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्याला म्हणतात कार्त. पुढे शहाणी झाले. पाणी मागताना "काराफ दो" म्हणायचं, म्हणजे नळाचं पाणी सुरईतून फुकट येतं. नुसतं "वॉटर" म्हटलं की बाटली येते आणि बिलात चढते. वेटरचे पैसे किमतीतच धरलेले असतात, आणि बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. बसा हवं तेवढं. त्या दिवशी मात्र पाव आणि द्राक्षांवर भागवलं.

त्या दिवशी शुक्रवार होता. जुन्या गावात मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी बाजार भरतो. बोटीत बसण्याआधी आम्ही तिथूनच पाव, द्राक्षं आणि रब्लोशों नावाचं तिथलं चीज घेतलं होतं. छोट्या भाकरीएवढी चकती, आतून मऊ. त्याची गोष्ट मला फार आवडली. जुन्या काळी गाईंच्या दुधावर जमीनदाराचा वाटा असायचा. तो माप घ्यायला आला की शेतकरी अर्धवट धार काढत आणि तो गेल्यावर पुन्हा धारेला बसत. त्या दुसऱ्या धारेच्या दाट दुधाचं हे चीज. पुन्हा धार काढण्याला तिकडच्या बोलीत जो शब्द आहे, त्यावरून त्याचं नाव पडलं.

तर यांनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट केली आणि खूश होऊन म्हणाले, "अगं, हे बघ, हिरवा ठिपका! इकडेही आहे की!" खरोखरच सालीवर गोल हिरवा शिक्का होता. आपल्याकडच्या पाकिटांवर शाकाहाराचा ठिपका बघायची आपल्याला सवय. मी म्हटलं, चला, सुटलो.

मग काय विचारता! शनिवारी दुपारी तार्तिफ्लेत. बटाटा, कांदा आणि वर अख्खं रब्लोशों वितळवलेलं. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि बहुधा वाइनही असते. दोन्ही वगळायला सांगितलं, त्यांनी वगळलं. जाता जाता सांगते, हा तिथला "पारंपरिक" पदार्थ लोकांपुढे आणला गेला तो १९८०च्या दशकात. म्हणजे आपल्या १९७९च्या दहावीच्या तुकडीपेक्षा तो वयाने लहान. शेजारच्या टेबलावर फाँद्यू चाललं होतं. त्यात वाइन, म्हणून आम्हाला ते बाद. पण भांड्याच्या तळाला लागलेली खरवड ते लोक ज्या प्रेमाने खरवडून वाटून घेत होते, ते बघून मला आमच्या आजीचं दुधाचं पातेलं आठवलं. यांनी तार्तिफ्लेतचं भांडं पुसून खाल्लं. इतक्या आनंदाने जेवताना मी यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी हे तलावाकाठच्या मोठ्या हिरवळीवर, पाकिएवर, बाकावर बसले आणि मी एकटी बाजारात गेले. चीजवाल्याकडे गर्दी कमी होती. मला वाटलं, कृती विचारून घ्यावी, घरी करून बघू. हातवारे करून विचारलं, दूध नासवायला काय घालता, लिंबू? तो हसला. "नों, नों, प्रेझ्युर." मला कळेना. त्याने आपल्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "व्हो." व्हो म्हणजे वासरू. हा शब्द मी दोन दिवस प्रत्येक कार्तवर वाचून यांच्यासाठी टाळत होते.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. त्या क्षणी मला तुमचा जीवशास्त्राचा तास दिसला. फळ्यावर जठराची आकृती, आणि तुम्ही सांगताय की जठरात रेनिन नावाचं विकर असतं, ते दूध साकळवतं. दूधपित्या वासराच्या जठरातला तोच रस घालून हे चीज होतं. मी लिंबावर नासवलेल्या पनीरच्या हिशेबाने चालले होते. आणि हिरवा शिक्का? तिथल्या मुलीला थोडं इंग्रजी येत होतं. तिने सांगितलं, हिरवा म्हणजे शेतावरच, एकाच कळपाच्या दुधापासून केलेलं. लाल म्हणजे डेअरीत, अनेक ठिकाणचं दूध एकत्र करून. शाकाहाराशी त्याचा काही संबंध नाही.

बाजारातून तलावापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. मला अर्धा तास लागला. नदीच्या मधोमध जहाजाच्या आकाराची एक जुनी दगडी वास्तू आहे, पूर्वी तिथे तुरुंग होता. तिच्यासमोरच्या पुलावर मी उभी राहिले. न सांगता येण्यासारखं होतं. खाल्लं ते खाल्लं. परत जिनिव्हाला गेलो की मुलाच्या घरी वरणभात. कुणाला काही कळलं नसतं. पण दुपारी हे पुन्हा तेच मागवणार होते, सकाळीच ठरलं होतं. आणि मी समोर बसून बघणार होते?

मी जाऊन सांगितलं. सगळं, शिक्क्यासकट.

हे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. हात गळ्यातल्या माळेवर. मग विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"आत्ता. अर्ध्या तासापूर्वी."

"अर्धा तास कशाला लागला?"

मी काही बोलले नाही. "बरं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उपास धरला. अंजिरं आणि अक्रोड खाल्ले. माझ्यावर रागावले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत बोललेही नाहीत, आणि मला ते जास्त जड गेलं. मी त्या दिवशी मासाही खाल्ला नाही. मनच झालं नाही.

रात्री मुलाला फोन करून मी एक कागद लिहून घेतला. तो फ्रेंच शब्द एकेक अक्षर करून सांगत होता, मी मोठ्या अक्षरात उतरवत होते. हे गृहस्थ धार्मिक कारणाने मांस, मासे, अंडी, वाइन घेत नाहीत. प्राण्याच्या प्रेझ्युरचं चीज घेत नाहीत. मांसाच्या पाण्यात शिजवलेलंही नको. दूध आणि लोणी चालेल.

सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात. एक उघडं सापडलं. या वेळी आम्ही पावणेबारालाच गेलो, गर्दीच्या आधी. "बोंझूर मादाम," हे स्वतः म्हणाले. मालकीणबाई साठीच्या, आपल्याच वयाच्या. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मी क्रोझे सुचवलं, म्हणजे तिथली कुट्टूच्या पिठाची चौकोनी शेवयांसारखी वस्तू. त्यांनी मान हलवली आणि "अंडं" या शब्दावर बोट ठेवलं. मग कागद घेऊन त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. हे म्हणाले, "चल, उठू या, कशाला त्यांना त्रास." मी उठले नाही.

आल्या त्या पोलेंटा घेऊन. मक्याचा रवा पाण्यात घोटून, वर लोणी, त्यावर अळंबी आणि भाज्या. वाफाळलेलं. ठेवताना त्यांनी कागदावरची एकेक ओळ बोटाने दाखवून "नों, नों, नों" केलं, आणि लोण्यापाशी "वी". यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, हा तर सांजाच आहे. मीठ कमी आहे फक्त."

मी फेरा मागवला.

तो कागद चारही घड्यांवर विरलाय, पण अजून यांच्या पाकिटात आहे. तुमच्यापैकी कुणी माळकरी, जैन किंवा नुसतेच शाकाहारी तिकडे जाणार असाल, तर जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या रांगेत जाऊन फोनवर फोटो काढून घ्या. आणि बाई, ती जठराची आकृती तुम्ही मला तीनदा काढायला लावली होती. नावं चुकली होती म्हणून.