भट्टीचा ताप आणि दोन तारा
(महोत्सवी व्याख्यानमालेतील एक भाषण)



मंगल प्रसंगी दोन तारांवर भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु बेळगावातील कितीतरी घरांची चूल फौंड्रीवर चालते. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

बिडाचा रस साच्यात ओततेवेळी, कामाच्या जाडीप्रमाणे, साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सियस असावा लागतो. रस थंडावला तर पातळ कड भरत नाही. फाजील तापला तर वाळू कामाला चिकटते. दोन्हीकडे माल फुकट जातो. जुने कारागीर रसाच्या रंगावरून ताप ओळखीत. पण भर उन्हात आणि रात्रपाळीत तोच रंग सारखा दिसत नाही. पाऱ्याचा थर्मामीटर तर येथे कुचकामाचा, कारण पारा ३५७ अंशांनाच उकळतो.

येथे थर्मोकपल उपयोगी पडते. १८२१ साली सीबेक या जर्मन शास्त्रज्ञांना असे आढळले की, दोन भिन्न धातू दोन्ही टोकांशी जोडून एक जोड तापवला की जवळची चुंबकसूची हलते. त्यांनी ते चुंबकत्व मानले. वस्तुतः तो विजेचा प्रवाह होता. तारेचे एक टोक गरम व दुसरे थंड असले की तीत सूक्ष्म विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. दोन्ही तारा एकाच धातूच्या असत्या तर हे दाब परस्परांस काटतात. धातू भिन्न असले की फरक उरतो, आणि तो फरक आपण मोजतो. प्लॅटिनम व ऱ्होडियममिश्रित प्लॅटिनम यांच्या जोडीत १४०० अंशांना हा दाब अवघा १४ मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा असतो.

आता मर्यादा पाहू. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही, की थर्मोकपल ताप सांगत नाही, दोन टोकांतील अंतर सांगते. थंड टोक ३० अंशांवर आहे असे धरून मीटर हिशेब करीत असेल आणि भट्टीच्या झळीने ते ६० वर गेले असेल, तर १४०० अंशांचा रस सुमारे १६ अंश कमी दिसेल. मग आम्ही विनाकारण भट्टी वाढवू. मध्ये साधी तांब्याची तार जोडली, तर थंड टोक त्या जोडावरच सरकते.

दुसरी मर्यादा धातूची. क्रोमेल-ॲल्युमेलची स्वस्त जोडी सुमारे १२६० अंशांपलीकडे टिकत नाही, म्हणून रसात प्लॅटिनमच लागते. सर्वसाधारण प्रतीच्या नव्या क्रोमेल-ॲल्युमेल तारेलाही १००० अंशांवर साडेसात अंशांची चूक प्रमाणानुसार मान्य असते. पुढे वापराने, विशेषतः प्राणवायू अपुरा असलेल्या भट्टीत, तिच्यातील क्रोमियम गंजते आणि ती गुपचूप कमी ताप दाखवू लागते.

तिसरी अशी, की तार फक्त आपल्या टोकाचाच ताप जाणते. टोक मळीत राहिले तर आकडा मळीचा, रसाचा नव्हे.

मीटर बंद पडला तर कळते. खोटे बोलू लागला तर कळत नाही. म्हणून आमच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांस एवढेच सांगणे आहे: आकडा वाचा, पण थंड टोक कोठे आहे, तार किती जुनी आहे आणि पडताळणी केव्हा झाली, हे आधी विचारा. असे विचारण्यात वडीलधाऱ्या कारागिरांचा अवमान नाही. रंग पारखणारा त्यांचा डोळा हीच पहिली पडताळणी होय.