व्हॉट्सअ‍ॅप वाचता येतं, नोट्स नाही

आज कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबद्दल बोलायचंय. मला दिसत नाही, मी कॉम्प्युटर कानाने वापरते. त्यासाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते बनवायला घेतलं. फुकट आहे, मराठी बोलतं, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही चालतं. त्यामुळे ‘बजेट नाही’ हे कारण मला तरी पटत नाही.

आमच्या लॅबमध्ये ते आलं. हेडफोन लावला, मराठीच्या नोट्सची पीडीएफ उघडली, आणि कानात काय? सुटी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम. एकही मराठी शब्द नाही!

खरी गोची इथे आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या आत बहुतेक इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. प्रिंट काढली की कुणाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र आतले कोड वाचतो. युनिकोडमध्ये ‘क’ला ‘क’चाच कोड असतो, म्हणून तो नीट ऐकू येतो. आणि झेरॉक्सवरून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. तिथे तर शांतताच.

गंमत बघा, तुमच्या फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो. म्हणजे मैत्रिणीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे टोमणे मला स्वच्छ ऐकू येतात, सरांच्या नोट्स नाही! मग हॉस्टेलवर तीच मला नोट्स वाचून दाखवते. परीक्षेच्या आदल्या रात्री तिचाही अभ्यास असतो हो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत आमच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मिळते, पण वाचायचं काय?

आता फोन हातात आहेच, तर एक करा. नोट्सच्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून चॅटमध्ये पेस्ट करा. जे उमटेल, साधारण तेच मला ऐकू येतं. कचरा आला तर सरांकडे मूळ वर्ड फाइल मागा. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरं एकदा तपासा. ओळ सिलेक्टच होत नसेल, तर ते स्कॅन आहे. गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं की बराचसा मजकूर सुटा होतो.

आमच्या वर्गात दोन विषयांचं झालंय. तिसऱ्याच्या सरांना सोमवारी भेटायचंय.