बोर्डिंगांतील मुलांना विचारा

[तालुक्यांतील वसतिगृहांचे अधीक्षक, पालक व शिक्षक यांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण]

अध्यक्ष महाराज, जमलेले पालक व अधीक्षक मंडळी, आणि मागल्या सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो,

आम्ही कांहीं मोठे वक्ते नाहीं. शेतकऱ्याच्या घरांत जन्मलों, ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढलीं, आणि आज वीस वर्षें खेड्यांतील पोरांना शिकवीत आहों. त्यांपैकीं अकरा वर्षें एका बोर्डिंगाची देखरेखही आमच्याकडे आहे. त्या बोर्डिंगाचें नांव येथें घेत नाहीं. जो दोष सांगावयाचा तो मुख्यतः आमचाच आहे, आणि उरलेला ज्यांचा आहे ते गृहस्थ वाईट नाहींत.

सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. थंडीचे दिवस होते. बोर्डिंगाची निजावयाची एकच मोठी खोली, तींत बेचाळीस मुलें. खोलीला दारें दोन. पैकीं मागच्या दाराला आम्हींच कुलूप ठोकलें होतें, कारण पलीकडच्या गांवीं जत्रेंत तमाशाचा फड उतरला कीं मोठीं पोरें त्या वाटेनें पसार होत. किल्ली आमच्या घरीं खुंटीला, आणि आमचें घर तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर. बंद दारासमोर जागा मोकळी सांपडली म्हणून तेथें ट्रंकांची उतरंड रचलेली.

त्या आठवड्यांत आठवींतला एक मुलगा आमच्याकडे आला. बाप त्याचा गवंडी. म्हणाला, “गुरुजी, बटणाच्या भिंतीला हात लावला कीं मुंग्या येतात.” आम्ही म्हणालों, “मुंग्या तुझ्या डोक्यांत आल्यात. जा, गणितं सोडीव.” तो गेला. पांचव्या रात्रीं दोनच्या सुमारास त्याच भिंतीवरची तार पेटली. पुढच्या दाराजवळच्या खाटेवरील गादीनें पेट घेतला, दिवे गेले, आणि कापूस धुमसूं लागला म्हणजे काय होतें हें ज्यानें पाहिलें त्यालाच ठाऊक. ओरडा ऐकून आम्ही अनवाणी धांवत गेलों, तों बेचाळीसही मुलें अंगणांत उभीं. एकाचा हात भाजला होता, बाकी सारीं सुखरूप. मागच्या दाराचें कुलूप जसेंच्या तसें. मग तीं बाहेर आलीं कशीं? तर पश्चिमेच्या खिडकीचे दोन गज पोरांनीं आधींच सैल करून ठेवले होते, तमाशाला जाण्यासाठीं! मोठ्या मुलांनीं एकेका लहानग्याला त्या भोंकांतून बाहेर दिलें. आधल्या दिवशीं ते गज आमच्या नजरेस पडते तर आम्हीं त्या मुलांना बोर्डिंगांतून काढून टाकलें असतें.

पुढचें ऐका. चार दिवसांनीं कमिटीची सभा भरली. पहिला ठराव असा कीं, खिडकीचे गज वेल्डिंग करून पक्के बसवावेत. एकमतानें पास, बिलसुद्धां आठवड्याच्या आंत निघालें. मागच्या दाराचा विषय वेळेअभावीं पुढच्या सभेवर गेला. आम्ही त्या सभेंत हजर होतों आणि गप्प बसलों, हेंही सांगून टाकतों.

मंडळी, त्या सभेंत नऊ माणसें होतीं. नऊही जण रात्रीं आपापल्या घरीं निजणारे. जीं बेचाळीस मुलें त्या खोलींत निजतात त्यांपैकीं एकालाही कोणीं बोलावलें नव्हतें. भिंतींत वीज उतरते हें त्यांना ठाऊक, कोणता गज सैल हें त्यांना ठाऊक, अंधारांत कोणाचा पाय कोणाच्या ट्रंकेला अडतो हें त्यांना ठाऊक. आणि ठराव करणारे आम्ही, ज्यांना यांतलें कांहींच ठाऊक नाहीं! ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण आपल्या आयाबहिणी रोज बोलतात. कमिटीच्या टेबलाशीं बसलों कीं ती आम्हांला आठवत नाहीं.

हें एकट्या आमच्या बोर्डिंगाचें गाऱ्हाणें असतें तर तुमचा वेळ घेतला नसता. दिल्लीकडे पाहा. तेथें परीक्षेच्या तयारीसाठीं गेलेलीं हजारों पोरें, त्यांत आपल्या जिल्ह्यांचींही, कोंदट खोल्यांत राहतात. ओल्ड राजेंद्र नगरांत एका क्लासनें इमारतीच्या तळघरांत अभ्यासिका थाटली होती. परवानगी सामान व गाड्या ठेवण्याची, आणि बसविलीं होतीं माणसें. २०२४ च्या जून महिन्यांत एका विद्यार्थ्यानें याबद्दल सरकारकडे लेखी तक्रार केली. २७ जुलै २०२४ रोजीं पावसाचें पाणी त्या तळघरांत शिरलें आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. मग कुलुपें लागलीं, अटका झाल्या, चौकशी बसली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तें हेंच. त्या विद्यार्थ्याचा कागद ज्या टेबलावर पडला होता त्या टेबलामागच्या माणसाचें मूल त्या तळघरांत बसत नव्हतें.

आणि राजस्थानांत, झालावाड जिल्ह्यांतील पिपलोदी गांवीं, २५ जुलै २०२५ रोजीं सकाळीं सरकारी शाळेचें छत कोसळलें. सात मुलें गेलीं. वांचलेल्या मुलांनीं नंतर सांगितलें कीं छतांतून खडे पडत होते, तें आम्हीं गुरुजनांना सांगितलें, तर आम्हांलाच दटावून बसविलें. हें वाचलें त्या रात्रीं आम्हांला झोप आली नाहीं. गवंड्याचा तो पोरगा आणि त्याच्या मुंग्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या. आमचें नशीब कीं आमचीं पोरें चुकार होतीं.

कोणी म्हणेल, कायदे आहेत ना? आहेत. तमिळनाडूंत कुंभकोणम् येथें १६ जुलै २००४ रोजीं शाळेच्या स्वयंपाकाची आग गवती छपराला लागून ९४ मुलें मेलीं. त्यानंतरच्या खटल्यांत १३ एप्रिल २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. आपल्या महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. आगीसाठीं बसविलेलीं साधनें चालू स्थितींत आहेत असा दाखला मालकानें वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावयाचा असतो. ठीक. दाखला फाइलीला लागतो, लाल सिलिंडर भिंतीला टांगला जातो. पण तो तपासावयास येणारा गृहस्थ त्या खोलींत निजणाऱ्या मुलाशीं एक शब्द बोललेला आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आमच्या मुलांना तो सिलिंडर चालवितां येतो कीं नाहीं हें आम्हीं पहिल्यानें विचारलें तेव्हां कळलें कीं, त्याला हात लावल्यास दंड होईल अशी ताकीद आम्हींच दिली होती!

विलायतेंत मात्र एक गोष्ट घडली आहे ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. लंडनच्या ग्रेनफेल नांवाच्या चोवीस मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजीं आग लागून ७२ माणसें मेलीं. तेथल्या रहिवाशांनीं धोक्याबद्दल आधीं वर्षानुवर्षें लिहून ठेवलें होतें, तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. त्यानंतर २०२२ सालीं तेथें इमारत सुरक्षेचा कायदा झाला. अठरा मीटर किंवा सात मजल्यांइतक्या उंच राहत्या इमारतीचा जो जबाबदार असेल त्यानें रहिवाशांना निर्णयांत कसें सामील करून घेणार हें लेखी मांडलें पाहिजे, अशी त्यांत सक्ती आहे. आणि रहिवासी म्हणजे सोळा वर्षें पुरीं झालेला प्रत्येक जण. विद्यार्थ्यांच्या उंच इमारतीही त्यांत आल्या. आपलीं बोर्डिंगें दुमजली, पत्र्याचीं. तो कायदा आपल्याला लागू नाहीं. पण सोळा वर्षांच्या पोराला घराच्या सुरक्षिततेंत मत आहे, ही गोष्ट लंडनांत खरी आणि आपल्या तालुक्यांत खोटी कशी?

“पोरांना काय कळतें?” हा प्रश्न आम्हांला आमच्या कमिटींत विचारला गेला. हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनाही विचारला जात होता, कुणब्याला काय कळतें म्हणून. तेव्हां निदान आपल्या तोंडीं तो शोभत नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९०१ सालीं मराठा बोर्डिंग सुरू केलें, पुढें इतर जातिधर्मांच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, तेथें साऱ्या जातींचीं मुलें एका पंगतीला बसत व आपला स्वयंपाक आपण करीत. त्या परंपरेचें नांव सांगून आपण आजही मुलांकडून अंगण झाडून घेतों, पाणी भरून घेतों, भिंतीला रंग देववितों. कष्टांत त्यांना भागीदार करावें आणि दार कोठें असावें हें ठरवितांना परकें मानावें, याला स्वावलंबन म्हणत नाहींत, बिगारी म्हणतात.

आतां आमच्या बोर्डिंगांत पुढें काय झालें तें सांगतों. गज पक्के बसविले त्या संध्याकाळीं तोच गवंड्याचा मुलगा आला आणि म्हणाला, “गुरुजी, गज तर बसवले. आता कुठून जायचं?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आलेल्या रविवारीं दिवे मालवून, हातांत घड्याळ घेऊन, आम्हीं सगळ्यांना एका दारानें बाहेर काढून पाहिलें. चार मिनिटें उलटलीं तरी शेवटचीं पोरें आंतच. अडलीं कशाला? चपलांच्या ढिगाला. दाराशीं बेचाळीस जोड! हें कोणत्या इंजिनिअरच्या नकाशांत असतें? मुलांनीं मग स्वतः खोलीचा नकाशा काढला. कोणती खाट कोठें, ट्रंका कोठें, बटणें कोठें, सगळें मोजून. तो घेऊन आम्ही सेक्रेटरींच्या घरीं गेलों. गृहस्थ दिलदार, वाद न घालतां म्हणाले, “मास्तर, आज रात्री मीच तिथं निजतो.” आणि निजले. सकाळीं उठून म्हणाले, दार उघडा.

पण पोरें तमाशाला जातील त्याचें काय? तो तोडगाही आम्हांला सुचला नाहीं, मुलांनींच काढला. मागच्या दाराचें कुलूप काढून आंतून कडी घालावी, आणि कडीला बैलाच्या गळ्यांतली घंटा बांधावी. कोणी रात्रीं दार उघडील तर सारें बोर्डिंग जागें होईल. खर्च शून्य, घंटा एकानें घरून आणली. आमची शिस्त राहिली आणि वाटही राहिली.

आमचें कुटुंब शेजारच्या गांवीं शिक्षिका आहे. तेथल्या मुलींच्या वसतिगृहाला रात्रीं बाहेरून कुलूप असे, अब्रूच्या काळजीनें. त्यांनीं मुलींना एकदां विचारलें कीं तुम्हांला भीति कशाची वाटते? आम्हांला वाटलें आगीची म्हणतील. मुली म्हणाल्या, संडासाच्या वाटेवर दिवा नाहीं त्याची. म्हणून त्या रात्रीं पाणी पीत नसत. आणि गरम पाण्यासाठीं चोरून बादलींत सोडावयाचा हीटर पांच जणींच्या ट्रंकेंत निघाला. हीटरला बंदी होतीच. बंदीनें तो गेला नव्हता, खाटेखालीं लपला होता. आतां तेथें चुलीवर पाणी तापतें, वाटेवर दिवा आहे, आणि कुलूप आंतून आहे. मुलींना विचारलें नसतें तर कमिटीनें कुंपण आणखी दोन फूट वाढविलें असतें.

एका बाबतींत मात्र गैरसमज नको. तार किती जाड असावी, खांब किती खोल असावा, हें मुलांनीं मतें देऊन ठरवावयाचें नाहीं; त्याला जाणता माणूस व त्याचा दाखला पाहिजे. आणि मुलांना विचारलें म्हणजे आमची जबाबदारी सुटली असें तर मुळींच नाहीं. उद्यां कांहीं झालें तर “मुलांनींच संमति दिली होती” म्हणणारे महाभाग निघतील, म्हणून आधींच सांगतों. सही आमची, पैसा कमिटीचा, जाब आमचा. मुलांनीं सांगावयाचें, आणि आम्हीं त्यांना लेखी उत्तर द्यावयाचें. करतां येत नसेल तर कां येत नाहीं हें त्याच वहींत लिहावयाचें. तोंडी उत्तर नको, तोंडी उत्तर आम्हीं एकदां दिलें होतें.

आमच्या बोर्डिंगावर पुढच्या महिन्यांत आणखी एक मजला चढवावयाचा विचार आहे. जागा पुरत नाहीं हें खरें. दरवर्षीं वीस पोरें परत पाठवावीं लागतात, आणि पाठवितांना जीव तुटतो. नकाशा तयार आहे. त्यांत जिना एकच दाखविला आहे. दुसऱ्या जिन्याचे पैसे दर्शनी कमानीला गेले आहेत. कमानीवर देणगीदारांचीं नांवें यावयाचीं आहेत, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाहीं. आम्हीं यावेळीं गप्प न बसण्याचें ठरविलें आहे. त्यांत नोकरीवर कांहीं आलें तर येवो.

म्हणून या सभेपुढें आमचा ठराव असा: तालुक्यांतील कोणत्याही वसतिगृहाचा नवा नकाशा, दुरुस्ती किंवा कुलूप तेथें राहणाऱ्या मुलामुलींना दाखविल्याशिवाय व त्यांचें म्हणणें वहींत नोंदल्याशिवाय पास होऊं नये, आणि इमारतीचा विषय असेल त्या सभेंत त्यांनीं निवडलेले दोघे टेबलाशीं खुर्चीवर बसावेत, सतरंजीवर नव्हे.

आमच्या बोर्डिंगांतल्या दोघांनीं नव्या मजल्याचा आपला नकाशा काढून आणला आहे. जिने त्यांत दोन आहेत. अध्यक्षांनीं त्यांना दहा मिनिटें द्यावीं. आम्ही आपली खुर्ची मोकळी करतों.