तलफेची पाच मिनिटे

लखनौच्या जुन्या बैठकीत पाहुणा येऊन स्थिरावला, की त्याच्यापुढे पानाचे तबक येई आणि पाठोपाठ हुक्का येई. गूळ आणि सुगंधी द्रव्ये घालून मुरवलेल्या ‘खमीरा’ तंबाखूचा दरवळ दिवाणखान्यात पसरे. नळी पुढे करणे हा यजमानाचा आदर समजला जाई आणि ती नाकारणे पाहुण्याला जड जाई. नबाबी गेली, बैठका मोडल्या, हुक्क्याची जागा विडी-सिगारेटीने घेतली. परंतु ‘नको’ म्हणण्याची ती अडचण मात्र शिल्लक राहिली आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्याला दोन आघाड्यांवर लढावे लागते. एक आघाडी त्याच्या शरीरात असते, दुसरी त्याच्या भोवतालच्या माणसांत.

ही वनस्पती उत्तरेच्या दरबारात पोहोचली ती दक्षिणेतून. 1604 च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकिमांनी या अपरिचित वस्तूला हरकत घेतली. पण सरदारांना तिची गोडी लागली ती लागलीच. पुढे 1617 साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. त्याच प्रसंगी त्याने आपल्या आत्मवृत्तात एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या राज्यात तंबाखूला मनाई केली होती. परंतु त्याच्या दरबारी गेलेला जहांगीराचा वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर राहवेना. अखेर शाहाने त्याच्यापुरता अपवाद केला. दोन सम्राटांची आज्ञा एका माणसाच्या तलफेपुढे अशी हात टेकून उभी राहिली!

लखनौच्याच बेगम अख्तर यांच्याविषयीही अशीच एक आठवण सांगितली जाते. 1972 साली ‘पाकीजा’ हा चित्रपट आला. तो त्यांना मनापासून आवडला. परंतु सिगारेट ओढण्यासाठी वारंवार उठून बाहेर जावे लागे, म्हणून तो पुरता पाहण्यासाठी सहा वेळा चित्रपटगृहात जावे लागले, असे म्हणतात. लग्नानंतर जवळजवळ पाच वर्षे गाणे सुटले असता 1949 साली लखनौ आकाशवाणीवर पुन्हा गायला उभी राहणारी ही बाई मनाने दुबळी होती, असे कोण म्हणेल? तलफ आणि मनोबल यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही, एवढेच यावरून दिसते.

तलफ म्हणजे काय, हे समजून घेतले तर तिची भीती निम्मी होते. झुरक्याबरोबर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे सुखाची एक लहानशी लाट उठवते. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मेंदूला सवय झालेली असते. मग बेचैनी सुरू होते, मन कशात लागत नाही, चिडचिड होते. माणूस पुन्हा सिगारेट पेटवतो आणि म्हणतो, ‘आता कसे बरे वाटले!’ वास्तविक मागच्या सिगारेटीने मागे ठेवलेले दुःख पुढच्या सिगारेटीने घटकाभर दूर केले, एवढेच घडलेले असते. सावकाराने आपल्याच कर्जाचे व्याज फेडायला नवे कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार आहे.

समजा, हजरतगंजातील एखाद्या कचेरीतल्या गृहस्थाने सोमवारपासून सिगारेट सोडण्याचे ठरवले. पहिले दोन-तीन दिवस त्याला सर्वांत कठीण जातील. झोप मोडेल, भूक वाढेल, घरच्यांवर विनाकारण आवाज चढेल. पुढे दोन ते चार आठवड्यांत शरीराचा हा कल्लोळ बहुतेक शमतो. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की तलफ दिवसभर एकसारखी टिकत नाही. ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते, मग सिगारेट ओढलेली असो वा नसो. म्हणून त्या गृहस्थाला जन्मभराची प्रतिज्ञा पेलण्याची गरज नाही. त्याला पाच-दहा मिनिटे पेलता आली की पुरे. तेवढ्या वेळात त्याने जागेवरून उठावे, पेलाभर पाणी सावकाश प्यावे, दीर्घ श्वास घ्यावेत, कोणाशी चार शब्द बोलावेत. काडेपेटी आणि रक्षापात्र त्याने आदल्या रात्रीच घराबाहेर काढलेले असावे. कारण लाट चढत असताना काडेपेटी हाताशी असली, तर शहाणपण हाताशी राहत नाही.

शरीर शांत झाले, तरी सवयीच्या खुणा मागे राहतात. चहाचा पेला, जेवणानंतरची शतपावली, जुना मित्र भेटणे, यांतील प्रत्येक खूण कित्येक महिन्यांनीही तलफेला हाक मारू शकते. त्या वेळा आधीच ओळखून त्यांचा क्रम बदलणे हिताचे. मित्रांनाही स्पष्ट सांगून ठेवावे. ज्या शहरात आग्रह हा शिष्टाचार मानला जातो, तेथे नम्र पण ठाम नकार हाही शिष्टाचारच ठरला पाहिजे.

येथे एका फसव्या वाटेचा इशारा देणे अवश्य आहे. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप किंवा वेलदोडा ठीक. परंतु लखनौत पानाची गादी चार पावलांवर असते आणि त्या पानात जर्दा किंवा किमाम सहज येऊन बसतो. महाराष्ट्रात हीच जागा तंबाखू-चुन्याची चिमूट घेते. आग सोडून पान धरले, म्हणजे व्यसन सुटले असे होत नाही. तोंडाच्या कर्करोगाला त्यातूनच वाट मिळते. हुक्क्यातील पाणी धूर शुद्ध करते, ही समजूतही तशीच भ्रामक आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील तंबाखूसेवकांचे प्रमाण उत्तर प्रदेशात 35.5 टक्के, तर महाराष्ट्रात 26.6 टक्के आढळले. धूर आणि चघळणे, दोन्ही या हिशोबात आहेत.

मदत मागण्यात कमीपणा नाही. 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने देशात व्यसनमुक्तीची तेरा केंद्रे निघाली. त्यांत मुंबई आणि गोवा यांच्याबरोबर लखनौचे जुने वैद्यकीय महाविद्यालयही होते. त्याच संस्थेने विद्यापीठ झाल्यावर काही वर्षे कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव धारण केले होते. आज 1800-11-2356 या विनामूल्य दूरध्वनीवरही सल्ला मिळतो. वैद्यांच्या सल्ल्याने निकोटीनचा चघळायचा गम किंवा गोळ्या घेता येतात. त्यामुळे यशाचा संभव वाढतो. आणि एखादे दिवशी पाय घसरलाच, तर सारे संपले असे मानू नये. बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. कोठे आणि का घसरलो, एवढे पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे.

उशीर झाला, असेही कोणी म्हणू नये. ब्रिटनमधील डॉक्टरांचा 1951 पासून पन्नास वर्षे मागोवा घेण्यात आला. 2004 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आजन्म धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने दहा वर्षांनी घटले होते. तिसाव्या वर्षी ज्यांनी सोडले त्यांनी जवळजवळ सारी दहा वर्षे वाचवली. चाळीसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन. तीन वर्षे म्हणजे नातवाचे शाळेत जाणे पाहणे, राहून गेलेली एखादी यात्रा करणे, पत्नीबरोबर आणखी तीन पावसाळे काढणे.

तलफ हा न बोलावता येणारा पाहुणा आहे. लखनौची रीत अशी, की दारी आलेल्याला बसायला गादी द्यावी. एवढ्या एका पाहुण्यापुरती ती रीत मोडावी. त्याला दारातच पाच मिनिटे उभे ठेवले, तर तो आपण होऊन निघून जातो. पुन्हा येतो, पण दर खेपेला थोडा उशिरा येतो आणि एक दिवस दाराची वाटच विसरतो.